शिवणीला आडवा छेद

आमच्या सरांना माणसं चेहऱ्यानं ओळखता येत नसत. थट्टा नाही करत, खरंच येत नसत. तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली एकाच खोलीत काम केलं, तरी एखाद्या दिवशी वेणीच्या ऐवजी केस मोकळे सोडून गेले की ते मला म्हणायचे, "या, बसा. हनुवटी इथं टेकवा." मी म्हणायची, "सर, मी आहे." मग ते वाकून माझ्या डोळ्यांत बघायचे आणि म्हणायचे, "हां, तू होय. उजव्या बुबुळावर चार वाजता बारीक खूण आहे. लहानपणी काहीतरी लागलंय तुला." चार वाजता म्हणजे घड्याळात चारचा आकडा असतो त्या जागी. लागलं होतं खरं. खडा लागला होता, आणि ते माझी आईसुद्धा विसरून गेली होती.

एकदा हैदराबादेत कोठीला, जुन्या पुस्तकांच्या दुकानांपाशी, एका गृहस्थांनी सरांना हाक मारली आणि भर रस्त्यात वाकून त्यांच्या पाया पडले. सर गोंधळले. कोण, कुठले, काही पत्ता नाही. मी बाजूला उभी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी त्या माणसाला दंडाला धरून उन्हात ओढलं, हनुवटी वर केली आणि त्याच्या डोळ्यात बघत राहिले. लोक आम्हाला वळसा घालून चालले होते. शेवटी सर म्हणाले, "दुसऱ्याचं बुबुळ बसवलेला डोळा. सोळा टाके. त्यातले दोन सैल झाले होते. तुमच्या मुलीचं लग्न अडलं होतं तेव्हा, झालं का?" झालं होतं. माणूस रडायला लागला. सरांनी लगेच त्याला बजावलं की डोळे चोळायचे नाहीत.

दवाखान्यात त्यांना सगळे 'नक्शेवाले साब' म्हणत. मी सर म्हणायची, कारण पहिल्याच दिवशी मॅडमनी मला त्यांच्या हवाली करताना सांगितलं होतं की हे म्हणतील ते करायचं आणि उलट बोलायचं नाही. मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर. बुबुळावरची जी पारदर्शक काच असते, जिला आम्ही कॉर्निया म्हणतो, तिच्या ऑपरेशनांत त्यांचा हातखंडा. आणि मी तोंडाची फटकळ. उलट बोलायचं नाही हे माझ्या आईला जमलं नाही शिकवायला, मॅडमना काय जमणार!

आमचं काम फोटोचं. पण हा फोटो म्हणजे नुसतं तोंड समोर धरून काढतात तो नव्हे. आमच्या मशीनमध्ये माणसानं हनुवटी टेकवायची, समोरच्या दिव्याकडे बघायचं. मशीन डोळ्याला हातही लावत नाही, नुसत्या उजेडानं त्या काचेचा छेद घेतं. केक कापला की आतले थर दिसतात ना, तसं. अर्ध्या मिलिमीटरच्या काचेत वर काय, मध्ये काय, खाली काय, सगळं पडद्यावर. जखम झाली असेल, टाके घातले असतील, तर ती आतून किती भरली हे डॉक्टरांना त्या फोटोतून समजतं. आणि त्यावर पुढचं सगळं ठरतं.

एवढं मशीन हाताशी असताना सर प्रत्येक डोळ्याचं चित्र हातानं काढत. आधी दुर्बिणीतून बघायचं, कागदावर वाटोळं गिरवायचं, मग रंगीत पेन्सिली. जुना व्रण काळ्यानं, सूज निळ्यानं, नको तिथं शिरलेल्या रक्तवाहिन्या लाल, कच्ची उघडी जागा हिरवी. टाके एकेक करून मोजून, ज्या कोनात आहेत त्याच कोनात. हे झाल्याशिवाय ते मशीनचं बटण दाबत नसत. बाहेर रांग वाढत चाललेली, लोकांची कुरकुर, वॉर्डातून निरोपावर निरोप, आणि सर आपले ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढतायत. मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, मशीन एका मिनिटात शंभर चित्रं काढतं. तुम्ही कशाला पेन्सिल घासत बसता?"

ते म्हणाले, "मशीन दाखवतं, गं. बघावं आपल्यालाच लागतं. आणि काढल्याशिवाय माझं काही बघणं होत नाही."

तेव्हा मला वाटलं, म्हातारा हट्टी आहे. हट्टी होताच तो, त्यात काही शंका नाही.

त्या चित्रांच्या बाजूला ते मराठीत टिपणं लिहीत. अख्ख्या दवाखान्यात तेलुगू, उर्दू, इंग्रजी चालायचं. मराठी वाचणारं कुणी नव्हतं. सरांचं गाव नांदेडच्या पलीकडचं, घर शेतकऱ्यांचं, पण निजामाच्या वेळेपासून हैदराबादेत कुणी ना कुणी राहिलेलं. लिहिताना त्यांना मराठीच सुचायची. मी आले तेव्हा त्यांना वाटलं, चला, वाचक मिळाला. पण मी काचीगुड्यात वाढलेली. आजोबा परभणीकडून रेल्वेत कामाला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. घरात मराठी, पण शाळा इंग्रजी, दुसरी भाषा तेलुगू. बुद्धवंदना पाठ होती, कागदावरचं मराठी मात्र मी एकेक अक्षर लावून वाचायची. सरांनी माझं वाचन ऐकलं आणि म्हणाले, "तुझी मराठी निळ्या पेन्सिलीची आहे. सूज उतरली की होईल नीट." मग रोज दोन चित्रांची टिपणं मोठ्यानं वाचायची, हा नेम. 'कडेला दार किलकिलं', 'टाका घट्ट, बाजूला सुरकुती', 'बाई घाबरट, डोळा धीट'. आज मी चार ओळी मराठीत लिहू शकते ती त्या टिपणांची कृपा, शाळेची नाही.

आणि त्यांचं ते खाण्याचं! फोटो काढताना माणसानं डोळा उघडा ठेवायचा असतो. पण घाबरलेला माणूस नेमका त्याच क्षणी डोळा मिटतो. यावर सरांचा उपाय एकच. ते विचारायचे, "सकाळी काय खाल्लं?" म्हातारा असो, मुलगी असो, कुठल्याही भाषेचा असो. खाल्लेलं सांगताना माणूस डोळे मिटत नाही, हा त्यांचा सिद्धांत होता. कुणी इडली सांगे, कुणी खिचडी-खट्टा, आमच्याकडचा कुणी असला तर पिठलं-भाकरी. सर मशीनच्या दांड्यावर हात ठेवून ऐकत असायचे आणि अगदी मोक्याच्या वेळी हळूच विचारायचे, "वरून तूप?" तुपाच्या आठवणीनं माणसाचे डोळे मोठे व्हायचे आणि त्याच क्षणी सर बटण दाबायचे. गुरुवारी त्यांचा उपास. त्या दिवशी तर ते नुसते हावरटासारखे विचारत, खट्ट्यात चिंच किती घातली होती, इथपर्यंत. मी तोंड दाबून हसायची.

एक गोष्ट मात्र ते कधी करत नसत. फोटो कसा आला, हे पेशंटला सांगत नसत. कितीही हातापाया पडा. म्हणत, "आपण खिडकी पुसणारी माणसं. बाहेर काय दिसतंय ते डॉक्टर सांगतील." मला याचा राग यायचा. समोर माणूस जीव मुठीत धरून बसलाय, दोन चांगले शब्द बोलायला काय जातं? मी बोलून टाकायची. "मस्त आहे मावशी, काळजी करू नका." सर माझ्याकडे नुसते बघायचे. रागावत नसत. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

तर मावशी. मावशी गौलीगुड्याची. ब्लाउज शिवायची, आणि तिच्या हातचा ब्लाउज म्हणजे लग्नघरातल्या बायका महिनामहिना आधी कापड देऊन ठेवायच्या. डावा डोळा जन्मापासून नावालाच होता, त्यातून माणूस आहे की कपाट आहे एवढंच कळायचं. सगळं आयुष्य उजव्यावर काढलं. आणि एक दिवस जाड जरीच्या काठावर मशीन चालवताना सुई मोडली आणि तिचा तुकडा उडाला, तो त्या उजव्याच डोळ्यात.

मॅडमनी त्याच दिवशी सहा टाके घातले. बाहुलीच्या जरा खाली, डावीकडून उजवीकडे गेलेली आडवी जखम. नशीब म्हणायचं की आतलं भिंग वाचलं होतं. मावशी आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा तिनं फक्त एक प्रश्न विचारला. ब्लाउज पुन्हा शिवता येतील का? सरांनी तिला सकाळी काय खाल्लं ते विचारलं. ती म्हणाली, "साहेब, मी डोळ्याचं विचारते आणि तुम्ही पोटाचं विचारता." हैदराबादची बाई, गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

महिन्याच्या महिन्याला ती येत राहिली. सर चित्र काढत, मशीन फिरवत, फोटो घेत. वरून जखम छान दिसायला लागली. चौथ्या महिन्यात मॅडम म्हणाल्या, आतला फोटो बघू आणि बंद असेल तर मंगळवारी टाके काढू. टाके निघाले की चष्म्याचा नंबर, आणि मग मावशीचं मशीन सुरू. लग्नसराई तोंडावर होती. मावशीनं गिऱ्हाइकांना सांगूनही टाकलं की मंगळवारनंतर या.

तो फोटो काढायच्या दिवशी सर रजेवर होते. गावाकडे भावकीत लग्न होतं. मी एकटी. बाहेर ही गर्दी. आणि खरं सांगते, मला आनंद झाला होता. पेन्सिली नाहीत, टोकं नाहीत, तूप नाही. मी मशीनवर जी तयार सेटिंग असते तीच लावून धडाधड फोटो घेतले. दुपारच्या आत रांग संपवली. मावशीचाही घेतला. पडद्यावर काच अगदी नितळ, कुठं फट नाही, काही नाही. मी तिला म्हटलं, "मावशी, एकदम पक्की बसली. शिवा आता ब्लाउज." मावशीनं माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मॅडमनीही गडबडीत फोटो बघितला, जखम वरून तपासली, आणि मंगळवार पक्का केला.

मंगळवारी सकाळी सर परत आले. त्यांची सवय अशी की चहाच्या आधी मागच्या दिवसांचे सगळे फोटो बघायचे, लोक पेपर वाचतात तसे. मी टेबल पुसत होते. बराच वेळ बटणांचा आवाज येत होता, तो थांबला. सरांनी मला जवळ बोलावलं आणि मावशीच्या फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं एक छोटा बाण असतो, छेद कुठल्या दिशेनं घेतला ते दाखवणारा. बाण आडवा होता, डावीकडून उजवीकडे.

मला लगेच कळलं नाही. मग कळलं.

जखम आडवी. आणि मशीनची तयार रेघ पण आडवी. मी जखमेच्या बाजूबाजूनं, तिच्याच दिशेनं रेघ नेली होती. जखम भरली का हे बघायचं असेल तर रेघ जखमेला छेदून न्यावी लागते, प्रत्येक दोन टाक्यांच्या मध्ये, एकेक करून. सर दर महिन्याला रेघ फिरवायचे ती उगाच नाही. मी बाजूची धडधाकट काच दाखवून जखम बंद आहे म्हणून मोकळी झाले होते.

सर म्हणाले, "विहिरीत पाणी किती आहे ते बघायला गेलीस आणि काठानं फेरी मारून आलीस."

"म्हणजे जखम उघडी आहे, सर?"

"ते या फोटोवरून कुणालाच सांगता येणार नाही. तेच तर वाईट आहे."

मी घड्याळाकडे बघितलं. मावशीची वेळ होऊन गेली होती. वरच्या मजल्यावर टाके काढायची खोली. मी म्हटलं, सर, तुम्ही जा, पळा, तुमचं मॅडम ऐकतील. नोकरीला मला नीट वर्ष पण झालं नव्हतं, माझी पाचावर धारण बसली होती. सर खुर्चीतून उठले नाहीत.

"माझं ऐकतील म्हणूनच तू जा," ते म्हणाले. "फोटो तू काढलास. चुकला म्हणून सांगायचं पण तूच. मी सांगितलं तर ती माझी हुशारी होईल."

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. पण भांडायला वेळ नव्हता. लिफ्ट खाली येईना म्हणून जिन्यानं पळाले. मावशी टेबलावर आडवी, डोळ्यात बधिर करायचे थेंब घातलेले, मॅडम हातमोजे चढवून दुर्बिणीवर वाकत होत्या.

मी दारातूनच इंग्रजीत म्हटलं, "मॅडम, थांबा. मावशींचा फोटो मी चुकीचा काढलाय."

मॅडमनी वर बघितलं. हातातला चिमटा ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, बरोबर काढून आण. एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर मी रडले असते, म्हणून बरं झालं.

मावशीला खाली आणलं. ती संतापलेली. सर रेघ फिरवून तयार. सवयीनं त्यांनी विचारलं, "सकाळी काय खाल्लं?" ती म्हणाली, "काही नाही. भीतीनं घास उतरला नाही." सरांच्या सिद्धांतात याला उत्तर नव्हतं. मग त्यांनी स्वतःच्या गावचं लग्नाचं जेवण सांगायला सुरुवात केली. वांग्याची भाजी, वरण, बुंदी, पंगतीत कोण रुसलं, सगळं. मावशी ऐकत राहिली आणि डोळा उघडा राहिला.

पहिल्या टाक्यापाशी बंद. दुसऱ्यापाशी बंद. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये वरचा पातळ थर जुळलेला, आणि त्याच्याखाली निम्म्याहून जास्त जाडी अजून दुभंगलेली. पडद्यावर ती काळी चीर स्पष्ट दिसत होती. त्या दिवशी ते टाके निघाले असते तर ती वरची साय काय टिकणार होती! जखम उघडून डोळ्यातलं पाणी बाहेर आलं असतं. आणि तिला दुसरा डोळा नव्हता.

मॅडम म्हणाल्या, आज नाही. अजून दोन महिने, कदाचित जास्त.

मावशीनं सगळा राग सरांवर काढला. तिच्या हिशेबानं सगळं ठीक चाललं होतं, हे साहेब रजेवरून आले आणि मोडता घातला. लग्नसराई गेली, गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. दर पंधरा दिवसांनी फोटोला आली की ती त्यांना ऐकवायची. खुन्नस असली तर सांगा म्हणायची, म्हातारपणी माणसाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही म्हणायची. सर "हनुवटी टेकवा" म्हणायचे आणि पेन्सिलीला टोक काढायचे. पहिल्या खेपेला मी ऐकून घेतलं. हो, ऐकून घेतलं, गप्प बसले. लाज वाटते आता. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, "या पोरीनं चांगला फोटो काढला होता, तुम्ही तो बिघडवला." तेव्हा मात्र मला राहवेना.

मी म्हटलं, "मावशी, बिघडवला मी होता. सरांनी तुमचा डोळा वाचवलाय."

मग दोन्ही फोटो पडद्यावर लावून मी तिला समजावून सांगितलं. तिच्या तोंडाशी अगदी जवळ पडदा फिरवला, तरी टाक्यांच्या डोळ्यानं तिला धूसरच दिसत होतं, म्हणून तिचं बोट धरून रेघ दाखवली. ही जखम, अशी. मी रेघ नेली ती अशी, हिच्या बाजूनं. न्यायला हवी होती अशी, उभी, हिला छेदून. ती ऐकत होती. तिचं बोट पडद्यावर थांबलं.

"म्हणजे वरून शिवण बसलेली, आणि अस्तर सुटलेलं," ती म्हणाली.

"हौ मावशी."

"आणि तू वरची इस्त्री बघून माल दिलास. ब्लाउज उलटा करून बघितल्याशिवाय मी कधी कुणाच्या हातात देत नाही, पोरी. पहिल्या दिवशी शिकवतात हे."

मी म्हटलं, मलाही शिकवलं होतं.

तिनं मला माफ केलं वगैरे काही नाही. महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही, आणि ते रास्तच होतं. पण त्या दिवसापासून सरांशी तिचं जमलं. जमलं म्हणजे कसं, तर ती त्यांच्या चित्रांत चुका काढायला लागली. कागद डोळ्याजवळ नेऊन, वाकडी मान करून बघायची आणि म्हणायची, टाका असा बाहेर पडत नसतो साहेब, दोरा आत शिरतो तिथं कापड जरा दबतं, ते दाखवा की. ज्या सरांनी मोठमोठ्या डॉक्टरांचं ऐकलं नाही, त्यांनी खोडरबर घेऊन टाके पुन्हा काढले. मला म्हणाले, "बाईला कळतं." मला त्या तीन वर्षांत एकदाही असं म्हणाले नाहीत. जळफळाट झाला माझा, पण मनातून बरंही वाटलं. खोलीत पुन्हा हसणं ऐकू यायला लागलं होतं.

मी मात्र बदलले. पेन्सिल हातात घेतली. चित्र मला धड येत नाही, माझं बुबुळ बटाट्यासारखं होतं, पण काढताना जखम कुठून कुठं गेली आहे ते हाताला कळतं आणि रेघ आपोआप तिला छेदून ठेवली जाते. मशीनची तयार सेटिंग मी त्यानंतर कधी वापरली नाही. आणि "मस्त आहे, काळजी करू नका" हे वाक्य तर तोंडातूनच गेलं. सर आता निवृत्त झालेत, काचीगुड्यातच राहतात. मी रविवारी जाते कधीकधी. दार उघडतात, मला वरपासून खालपर्यंत बघतात, "कोण पाहिजे?" म्हणतात. त्यांच्या सुनेला अजून हसू आवरत नाही.

मावशीचे टाके शेवटी अडीच महिन्यांनी निघाले. त्या दिवशीचे फोटो सरांनी मला काढायला लावले, आणि प्रत्येक छेद माझ्या खांद्यावरून वाकून बघितला. पाचच्या पाच जागा बंद होत्या, वरपासून तळापर्यंत. वर मॅडमनी एकेक टाका कापून काढला. पाणी झिरपतंय का ते रंगाचा थेंब घालून बघितलं, तर कुठं टिपूस नाही. माझा जीव भांड्यात पडला. आठवड्यानं मावशी चष्म्याचा नंबर काढायला आली. भिंतीवरच्या तक्त्यावर शेवटून दुसरी ओळ तिनं वाचली, एका अक्षरावर अडखळून, पण वाचली. ती वाचताना मी दाराबाहेर उभी होते, आणि मी रडले, सरळ सांगते. आत जाऊन तिच्याशी बोलायचं धाडस झालं नाही.

नवा चष्मा आला त्या दिवशी ती आपणहून आमच्या खोलीत आली. फोटोचं काम नव्हतं. सरांना म्हणाली, इतके महिने माझ्या डोळ्याचे फोटो काढलेत, आता एक मला नीट दाखवा. सरांनी असं कधी कुणाला दाखवलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टाके काढायच्या आधीचा, समोरून घेतलेला मोठा फोटो पडद्यावर आणला. बाहुलीखालून गेलेली पांढरी रेघ, आणि तिच्यावर सहा बारीक टाके.

मावशी खुर्ची ओढून बसली. घाई नाही. एका टोकापासून सुरुवात करून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, ओठांनी मोजत. मग परत आली आणि पाचव्यापाशी थांबली.

"हा जरा तिरका घेतलाय तुमच्या मॅडमनी," ती म्हणाली.

मी वाकून बघितलं. तिरका होता. केसाच्या रुंदीएवढा असेल. इतक्या महिन्यांत माझ्या एकदाही लक्षात आला नव्हता. सरांनी माझा हात हळूच दाबला आणि नजरेनं मावशीकडे बघ म्हणून खुणावलं. तेव्हा मी बघितलं. तिनं डावा डोळा तळहातानं पुरता झाकून घेतला होता, आणि उजव्यानं ती पुढचा टाका तपासत होती.